लगाम कर्जाला, शुल्क मोकाटच

अमेरिकी सरकारच्या शैक्षणिक कर्जाचे नवे नियम योग्यच आहेत, असे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. तो पटला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके कर्ज देणारी ‘ग्रॅड प्लस’ योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद. यापुढे पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर. वैद्यक, कायदा अशा ‘व्यावसायिक’ पदव्यांसाठी वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर. सढळ कर्जामुळे शुल्क वाढते, हा लेखातील मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण हे नियम आणणाऱ्या कायद्याने शुल्काला हातच लावलेला नाही. उरलेली रक्कम मुले खासगी कर्जातून उभी करणार. तिथे बहुधा जामीनदार लागतो आणि लोकसेवेतील दहा वर्षांच्या हप्त्यांनंतर मिळणारी सरकारी माफीही नसते.

नर्सिंगच्या बाबतीत तर हे फारच खटकते. शिक्षण विभागाच्या मसुद्यातील व्यावसायिक पदव्यांत दंतवैद्यक आहे, कायरोप्रॅक्टिक (हाताने मणके-सांधे हाताळून उपचार) आहे, धर्मशास्त्रही आहे, नर्सिंग नाही. म्हणजे नर्सिंगला कर्जाची कमी मर्यादा. माझी भाची न्यू जर्सीत अतिदक्षता विभागात रात्रपाळी करते. भूल देणाऱ्या परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश घ्यायचा आहे. तो तीन वर्षांचा, पूर्ण वेळ. शिकताना नोकरी जवळपास अशक्य. अमेरिकेच्या ग्रामीण भागातील कित्येक रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी भूल देतात त्या याच परिचारिका.

— एक वाचक, पुणे