पार्ट निवडायला शिकवलंत, त्याबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की, मशीन तयार झालं, उत्तम चाललंय, आणि तुमचे आभार फोनवर घाईघाईत उरकायचे नाहीत हे मी आधीच ठरवलं होतं. मुद्दाम जाहीर लिहिते आहे. पहिल्यांदाच हाय-एंड गेमिंग पीसी जोडायला निघालेल्या कोणालाही तुम्ही सांगितलेल्या गोष्टी उपयोगी पडतील, त्या माझ्या एकटीच्या वहीत का पडून राहाव्यात?

तुमच्याकडे मी आले होते ती यादी मागायला. ग्राफिक्स कार्ड हे, प्रोसेसर हा, मदरबोर्ड हा, संपलं. तुम्ही ती बसल्या जागी लिहून दिली असतीत. पण तुम्ही विचारलंत, "खेळतेस काय? आणि स्क्रीनपासून किती लांब बसतेस?" पुढची सगळी खरेदी या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर उभी राहिली.

मी खेळते कार रेसिंग आणि मोठमोठ्या जगांत हिंडायचे कथाप्रधान गेम. बसते टेबलाशी, स्क्रीन हातभर अंतरावर. तुम्ही कागदावर आकडे मांडलेत : १४४०पी म्हणजे २५६० गुणिले १४४०, साधारण ३७ लाख पिक्सेल, ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमला, पडद्यावरच्या एकेका चित्राला, सव्वादोन पट काम. आणि मग म्हणालात, "कार्डाने किती रंगवायचं ते स्क्रीन ठरवते. म्हणून स्क्रीन आधी." रेसिंगमध्ये मला वळणावर गाडी हातात असल्यासारखी वाटायला हवी होती, त्यामुळे २७ इंची, १४४०पी, २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० फ्रेम दाखवणारा, ओलेड मॉनिटर ठरला. ६० हर्ट्झला एक फ्रेम पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहते, २४० हर्ट्झला ४.२. हा फरक नुसता वाचून पटत नाही. तुमच्या टेबलाशी बसून तोच ट्रॅक दोन्हींवर चालवला तेव्हा दुसऱ्याच वळणावर पटला.

स्क्रीन ठरल्यावर कार्डाचा घोळ आपोआप मिटला. मी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० चं नाव काढलं होतं. तुम्ही मला त्यापासून परावृत्त केलं नाहीत, हे मला फार आवडलं. ते कार्ड कोणासाठी आहे तेवढं सांगितलंत : ४केवर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खऱ्यासारखा हिशेब) पूर्ण चढवून खेळणाऱ्यासाठी, किंवा ज्याला ३२ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, दुसऱ्या कामालाही लागते त्याच्यासाठी. त्याची भूक ५७५ वॅट, त्याच्या खालच्या ५०८० ची ३६०. १४४०पीला ५०८० ची १६ जीबी मला पुरणार होती. व्हीरॅम कमी पडली की काय होतं तेही तुम्ही दाखवलंत. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) कार्डाच्या मेमरीत मावेनासे झाले की ते मुख्य रॅममधून पीसीआयई मार्गाने ओढावे लागतात, आणि चित्र अडखळतं. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तेव्हाही चांगला दिसू शकतो, म्हणून लोक फसतात.

सरासरीवर भरवसा ठेवायचा नाही, ही मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. तुम्ही तुमच्या मशीनवर शर्यत सुरू केलीत, कोपऱ्यात फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला किती वेळ लागतो त्याचा, आलेख लावलात. एकटीच गाडी धावत असताना रेघ सपाट. मग सगळ्या गाड्या एका रांगेत उभ्या करून सुरुवात केलीत, आणि हिरवा दिवा लागताच रेघेला काटे फुटले. कार्ड त्या क्षणी निवांत होतं, त्याचा वापर खाली आला होता. वाट पाहत होतं ते प्रोसेसरची. इतक्या गाड्यांचं भौतिकशास्त्र, त्यांचे निर्णय, सगळं त्याच्या डोक्यावर. तुम्ही बोट ठेवून म्हणालात, "हे काटे म्हणजे तुझे एक टक्का लो. तुझ्या हाताला जाणवतात ते हेच." एक टक्का लो म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा एफपीएस. त्यानंतर मी कोणतीही चाचणी वाचताना सरासरीच्या आधी एक टक्का लो बघते.

म्हणून एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर. कोअर (काम करणारे भाग) आठच, पण एल३ कॅशे, म्हणजे चिपवरचीच जलद मेमरी, ९६ एमबी. ३२ एमबी मूळची आणि ६४ एमबी वर चढवलेली. 'वर' हा शब्द मी वापरला तेव्हा तुम्ही लगेच दुरुस्त केलात : २०२३ च्या ७८००एक्स३डीमध्ये ती जास्तीची कॅशे कोअरच्या डोक्यावर होती, त्यामुळे उष्णतेला तिच्यातून वाट काढावी लागे, २०२४ च्या ९८०० मध्ये ती कोअरच्या खाली गेली. कोअर कूलरच्या जवळ आले, म्हणून हा प्रोसेसर जास्त वेगाने पळू शकतो. गेमला लागणारी माहिती चिपवरच सापडली की रॅमपर्यंत जायची खेप वाचते, आणि रेघेवरचे काटे बुजतात. सोळा कोअर हवेत का, असं मी विचारलं होतं. "व्हिडिओ एडिटिंग करणार असशील तर बोलू," एवढंच तुम्ही म्हणालात आणि पुढे गेलात.

रॅमवर आपण फार वेळ घालवला नाही, घालवण्यासारखं नव्हतंही. डीडीआर५-६०००, सीएल३०, सोळा-सोळाच्या दोन स्टिक. सीएल म्हणजे मागितलेली माहिती द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा. त्याला एकटं बघायचं नाही, वेगाशी भागून बघायचं : ६००० ला सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल३६ म्हणजे १२. चार स्टिक लावल्या की तो वेग टिकवणं प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला जड जातं, म्हणून दोनच. एसएसडीचंही तसंच. पीसीआयई ५.० ची सेकंदाला १४,००० एमबीची जाहिरात सोडून ४.० ची चांगली टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी) ड्राइव्ह घेतली, कारण गेम उघडायला लागणाऱ्या वेळात दोघींचं अंतर जेमतेम कळण्याइतकं असतं. तो पैसा पॉवर सप्लायला गेला.

पॉवर सप्लायबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय. हा डबा यादीत शेवटी येतो आणि उरलेल्या पैशांत घेतला जातो, याचा तुम्हाला इतका मनापासून राग येतो, की तुमचं बोलणं ऐकून मलाही आता येतो. बाकी सगळं चुकलं तर मशीन हळू चालेल. हा चुकला तर बाकीच्यांना घेऊन जाईल. ८० प्लसचं सोनेरी लेबल म्हणजे दर्जाची पावती नव्हे, ते फक्त कार्यक्षमता सांगतं, हे मला माहीतच नव्हतं. आजची कार्डं एका सेकंदाच्या अगदी बारीक अंशासाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळी मारतात. एटीएक्स ३.० आणि ३.१ च्या नियमांत पॉवर सप्लायने अशी उसळी सोसायचीच असते : स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट, १०० मायक्रोसेकंदांपर्यंत. एनव्हिडियाची शिफारस ५०८० ला ८५० वॅटची, आपण १००० चा घेतला. तुम्ही त्याचं कारण दिलंत तेही शांत बसण्याचं : भार अर्ध्याच्या आसपास राहिला की पंखा फारसा उठत नाही.

आणि कार्डाला वीज देणारी ती केबल. १६ पिनांच्या जुन्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टरची वितळलेली छायाचित्रं मी पाहिली होती आणि मला धास्ती होती. तुम्ही धास्तीला उत्तर दिलंत ते यंत्रणा समजावून. नव्या १२व्ही-२×६ मध्ये चार छोट्या सेन्स पिना आखूड केल्या आहेत. प्लग पूर्ण आत गेला नसेल तर त्या टेकत नाहीत आणि कार्ड वीज ओढतच नाही. तरीही प्लग बसवल्यावर बाजूने टॉर्च मारून फट राहिली नाही ना ते बघायचं, आणि कनेक्टरपासून तीन-चार सेंटिमीटर केबल सरळ ठेवायची, तिथेच वाकवायची नाही. काचेचं दार लावताना केबल दबेल का, हे तपासायला तुम्ही कॅबिनेट विकत घ्यायच्या आधीच मापं घ्यायला लावलीत. कार्डाची लांबी सगळेच बघतात. कार्डाची उंची अधिक केबलचं वळण, हे कोणी बघत नाही. आणखी एक, जे ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं : मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) पॉवर सप्लायची केबल दुसऱ्या कंपनीच्या डब्याला कधीही लावू नये. सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येकाची निराळी, आणि भोकात ती बसते म्हणून चालते असं नाही.

मदरबोर्डसाठी तुम्ही मला मॅन्युअल वाचायला बसवलंत, खरेदीच्या आधी. त्यातल्या तक्त्यात एक ओळ सापडली : अमुक एम.२ जागेत (एसएसडीच्या खाचेत) ड्राइव्ह लावली तर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट सोळावरून आठ लेनवर, म्हणजे माहितीच्या निम्म्या मार्गांवर, येतो. तो बोर्ड आपण सोडला. बी८५० चिपसेटचा साधा, भक्कम बोर्ड घेतला. वरच्या एक्स८७०ई चिपसेटवर जास्तीचे यूएसबी४ पोर्ट मिळाले असते, ज्यांत लावायला माझ्याकडे काहीच नाही. मागच्या बाजूला बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) घालणारं फ्लॅशबॅकचं बटण असलेलाच बोर्ड हवा हा तुमचा हट्टही बरोबर होता. २०२२ पासून चालत आलेल्या एएम५ सॉकेटवर पुढे नवा प्रोसेसर बसवायचा झाला, तर जुना काढून टाकल्यावरही नव्यासाठीचं बायोस त्या बटणाने घालता येतं.

जोडताना तुम्ही शेजारी बसलात आणि स्क्रूड्रायव्हर एकदाही हातात घेतला नाहीत. प्रोसेसर बसवताना लीव्हर खाली जाईना, करकर आवाज येत होता, मी तुमच्याकडे पाहिलं. "त्रिकोण जुळलाय ना? मग दाब," एवढंच. एअर कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची आठवण, रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, पंख्याच्या बाणाची दिशा, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट कार्डाला, बोर्डाला नाही. सगळं माझ्या तोंडून वदवून घेतलंत.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, बोर्डावरचा रॅमचा दिवा पिवळा लागला आणि स्क्रीन काळीच राहिली. बराच वेळ. तुम्ही आधी सांगून ठेवलं नसतं तर मी नक्की बंद केलं असतं. डीडीआर५ पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंग करते, म्हणजे बोर्डाशी आपली जुळणी तपासून घेते, तिला करू द्यायचं. दिवा विझला, बायोस आलं. मग तुम्हीच मला एक्सपो (रॅमला तिचा जाहीर वेग देणारी बायोसमधली सोय) चालू करायला लावलंत, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहिली असती. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० चे २४० करायला लावलंत.

तुम्ही नंतर आकडे कळव म्हणाला होतात, ते असे : तासभर शर्यत खेळल्यावर कार्ड ६४ अंशांवर, प्रोसेसर ७१ वर, पंख्यांचा आवाज हेडफोन काढल्यावरच कळतो. गाड्यांची तीच भरलेली रांग, तोच ट्रॅक लावून फ्रेमटाइमची रेघ मी साठवून ठेवली आहे. सुरुवातीला एक छोटा उंचवटा आहे, बाकी सपाट. तो उंचवटा कशाचा ते मला अजून उमगलेलं नाही. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) पहिल्यांदा तयार होत असावेत असा माझा अंदाज आहे. पुढच्या वेळी भेटू तेव्हा आलेख घेऊन येते, तुम्ही बघा.

ताई, तुम्ही तुमचा वेळ दिलात, स्वतःचं मशीन उघडून दाखवलंत, माझे तेच तेच प्रश्न न कंटाळता ऐकलेत. माझ्या मशीनमधल्या प्रत्येक पार्टबद्दल तो का आहे हे मला आज सांगता येतं, ते केवळ तुमच्यामुळे. मनापासून आभार.

तुमची,
धाकटी बहीण समजा अशी एक गेमर