वेलनेस सेशन म्हणजे नुसते इयर प्लग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत हल्ली ऑफिसमधल्या ताणावर सारखं काही ना काही येत असतं आणि त्याखाली टिप्सची चौकट ठरलेली, दीर्घ श्वास घ्या, पाणी प्या, दर तासाला उठून चाला, पॉझिटिव्ह रहा. त्यात वाईट काहीच नाही, मी स्वतः रोज सकाळी अनुलोम-विलोम करतो. पण भोसरी-चाकण पट्ट्यात आयुष्यभर सेफ्टी ऑफिसरची नोकरी केलेल्या माणसाने हे वाचलं की डोकं सणकतं, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय जरा, कापायचं तिथे कापा.

सेफ्टीमध्ये अगदी सुरुवातीला एक क्रम शिकवतात. धोका मुळातच काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याचं काहीतरी आणा, मशीनला गार्ड लावा, मग कामाची पद्धत बदला, आणि एवढं करून जे उरेल त्याच्यासाठी हातमोजे, गॉगल, इयर प्लग. पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या पॉवर प्रेस मशीनमध्ये बोटं जायची तेव्हा ऑपरेटरला "लक्ष देऊन काम कर रे" सांगून आम्ही मोकळे झालो असतो तर फॅक्टरी इन्स्पेक्टरने धुतलंच असतं आम्हाला. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खालीच येणार नाही अशी व्यवस्था करावी लागली. आवाजाचं तेच, आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा, ती ओलांडली की आधी मशीनकडे बघायचं, कामगाराच्या कानाकडे नंतर.

आता ऑफिसात काय चाललंय ते बघा. माझी सून बँकेत आहे. रोज किती पॉलिसी विकल्या त्याचा आकडा नावानिशी व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्याचा शून्य त्याला रात्री दहाला सगळ्यांसमोर "एक्सप्लेन", ब्रँचला माणसं कमी, काउंटर सांभाळायचं का टार्गेट ते कुणी सांगत नाही, आणि या सगळ्यावर उपाय काय तर शनिवारी ऑनलाइन वेलनेस सेशन, तेही कंपल्सरी, कॅमेरा ऑन! सुट्टीचा दिवस खाऊन ताण कसा घालवायचा ते शिकवणार. याला आमच्या धंद्यात इयर प्लग वाटणं म्हणतात, मशीन तसंच बोंबलत ठेवून.

लोकांना वाटतं मनाचं कसं मोजणार, ते काय डेसिबल आहे का. पण मोजायची पद्धत आहे आणि जुनी आहे. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी खात्याने सहा गोष्टी ठरवून दिल्यात ज्या प्रत्येक मालकाने तपासायच्या: कामाचा बोजा किती, ते कसं करायचं यावर माणसाचा ताबा किती, वरिष्ठांचा-सहकाऱ्यांचा आधार आहे का, आपसात वागणूक कशी, आपलं काम नेमकं कुठलं हे स्पष्ट आहे का, आणि बदल करताना विश्वासात घेतात का. सुनेच्या ब्रँचला ही यादी लावली तर सहाच्या सहा ठिकाणी लाल शेरा पडेल, मी पैजेवर सांगतो. जगभरासाठी मानकं ठरवणाऱ्या आयएसओ संस्थेनेही २०२१ मध्ये ४५००३ नंबरचं मार्गदर्शन काढलंय, कामाच्या ठिकाणच्या मानसिक सुरक्षिततेवरच. त्याचं वेगळं सर्टिफिकेट भिंतीवर टांगता येत नाही म्हणून बहुधा आपल्याकडे त्याला फारसं कुणी विचारत नसावं.

यातली ताब्याची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण समजतो की साहेब लोकांना टेन्शन जास्त, हार्ट अटॅक त्यांनाच येणार. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल म्हणून मोठा अभ्यास झाला, १९६७ ला सुरू झालेला, त्यात उलटं दिसलं, सगळ्यात खालच्या पायरीच्या माणसांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्यांच्या जवळपास तिप्पट. त्यातलं काही सिगारेट-ब्लडप्रेशरने समजलं, सगळं नाही. पुढच्या अभ्यासात ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असंही दिसलं. आमच्या एसटीच्या कंडक्टरला विचारा, हॉस्पिटलच्या सिस्टरला विचारा, उद्याची ड्युटी कुठली ते आज संध्याकाळी कळतं, मुलांची शाळा, म्हातारे आईबाप, काहीच ठरवता येत नाही. नुसतं काम जास्त असल्याने माणूस इतका खचत नाही, कामही जास्त आणि त्यावर आपलं काही चालतही नाही, ही जोडी माणसाला खाते.

आणि तासांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (आयएलओ) यांचा २०२१ चा अभ्यास आहे, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त, आणि अशा लांब तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगात अंदाजे ७ लाख ४५ हजार मृत्यू. इकडे आपले मोठे उद्योगपती ७० तास, ९० तास काम करा म्हणून सांगतात आणि आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानं-आस्थापनांत रोजचे ९ चे १० तास आणि कारखान्यात ९ चे १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा आहे, ओव्हरटाइमला डबल पगार आहे, हे सगळं कागदावर आहे हो, पण ऑफिसात ओव्हरटाइम लिहितो कोण?

२०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या कंपनीतल्या तरुण सीए मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईचं पत्र देशभर फिरलं, मग कामगार खात्याचे लोक त्या ऑफिसात गेले तर शॉप ॲक्टची, म्हणजे दुकानं-ऑफिसांच्या कामाचे तास ठरवणाऱ्या कायद्याखालची, नोंदणीच नाही असं निघालं, आणि ऑफिस २००७ पासून चालू! मृत्यू कशाने झाला यावर मी बोलणार नाही, ते माझं काम नाही, पण जिथे नोंदणीच नाही तिथे तास कोण मोजणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सुरक्षिततेच्या संहितेत कामाच्या जागी धोके नसावेत ही मालकाची जबाबदारी लिहिली आहे, चांगलंच आहे, पण आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस (धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार), आवाजाने आलेला बहिरेपणा, आणि मनाचं काहीच नाही. जपानने डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा जास्त माणसांच्या जागी वर्षातून एकदा ताणाची तपासणी सक्तीची केली आणि त्यात मेख अशी की निकाल थेट कर्मचाऱ्याला मिळतो, त्याच्या संमतीशिवाय मालकाला दिसत नाही. आपल्याकडे कंपनीच्या कौन्सेलरकडे कोणी जात नाही कारण सगळ्यांना वाटतं ते एचआरला कळणार आणि अप्रेझलला निघणार. (ज्याला खरंच असह्य होतंय त्याने १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला जरूर फोन करावा, सरकारी आहे, फुकट आहे, कंपनीचा संबंध नाही.)

कुणी म्हणेल तुमच्या काळात ताण नव्हता का. होता की, शिव्या देणारे सुपरवायझर होते, ठेक्याच्या पोरांचे हाल तर विचारू नका. पण शिफ्टचा भोंगा झाला की काम संपायचं, प्रेस मशीन आमच्या मागे घरी येत नव्हतं. आणि मोठ्या कारखान्यात सेफ्टी कमिटी असायची, निम्मे लोक कामगारांचे. बँकेत, आयटीत, मॉलमध्ये, हॉस्पिटलात अशी कमिटी का नको? तिने दर तीन महिन्यांनी विभागवार एवढंच बघावं, राजीनामे किती, आजारपणाच्या रजा किती, ड्युटी संपल्यावर वरिष्ठांचे मेसेज किती, मंजूर माणसं किती आणि हजर किती. याला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, एक रजिस्टर लागतं. एकाच साहेबाच्या हाताखालून वर्षात चार जण सोडून गेले तर प्राणायामाची गरज नक्की कुणाला आहे ते त्या रजिस्टरवरून कळेल.

आपल्या पुरवणीतही पुढच्या वेळी डॉक्टरांच्या शेजारी एखाद्या कंपनीच्या एचआर प्रमुखाला बसवा आणि हे चार आकडे विचारा.

पत्राखाली नाव मात्र छापू नका, घरातली दोघं अजून नोकरीत आहेत.

आपला,
एक निवृत्त सेफ्टी ऑफिसर, चिंचवड