डॅशबोर्डवर डेटा दिसत नसेल तर आधी हे बघा

मंडळी, ग्रुपवर परत तोच प्रश्न येतोय, पॉवर बीआयचा (मायक्रोसॉफ्टचं डेटा रिपोर्ट बनवायचं टूल) रिपोर्ट उघडला पण कालचे आकडेच नाहीत, म्हणून एकदाच सगळं सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी रिफ्रेश हिस्टरी उघडा, म्हणजे मूळ सोर्समधून (डेटा जिथून येतो तिथून) नवा डेटा कधी आणला गेला त्याची नोंद. शेड्यूल्ड रिफ्रेश लागोपाठ 4 वेळा फेल झाला की पॉवर बीआय तो शेड्यूल स्वतःहून बंद करतं, आणि 2 महिने कुणी रिपोर्ट उघडलाच नाही तरी रिफ्रेश थांबतो, मग रिपोर्ट दिसतो अगदी व्यवस्थित पण आतला डेटा जुनाच असतो, आणि हे खरंच धोक्याचं आहे कारण एरर न दिसल्यामुळे लोक तेच आकडे धरून निर्णय घेतात. फेल व्हायचं नेहमीचं कारण म्हणजे सोर्सचा पासवर्ड बदललेला असतो किंवा गेटवेचं (ऑफिसमधला डेटा पॉवर बीआयपर्यंत पोचवणारं) मशीन बंद असतं. सोर्समध्ये कुणी कॉलमचं नाव बदललं तरीही तेच होतं.

रिफ्रेश नीट झालाय तरी काही ओळी गायब? मग पेज फिल्टर (त्या पानावर काय दाखवायचं ते ठरवणारी सेटिंग) बघा, आणि तुम्हाला दिसत नाही पण शेजारच्याला दिसतंय असं असेल तर रो लेव्हल सिक्युरिटीमधला (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात ते ठरवणारी सोय) तुमचा रोल तपासायला सांगा. पॉवर क्वेरीत (डेटा साफ करून जोडायचा भाग) इनर जॉइन, म्हणजे दोन टेबलांतल्या फक्त जुळणाऱ्या ओळी ठेवणारी जोडणी, असेल तर न जुळणाऱ्या ओळी गुपचूप गळतात, हे शोधायला फार वेळ जातो. तारखेचा घोळ असेल तर लक्षात ठेवा, पॉवर बीआयची ऑनलाइन सर्व्हिस यूटीसी वेळ (जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) धरते.

ग्रुपवर विचारताना एररचा पूर्ण मजकूर आणि शेवटच्या रिफ्रेशची वेळ टाका प्लीज, गोपनीय आकडे झाकून.