प्रवेशाची शक्यता टक्क्यांत कशी सांगणार?

संपादक महोदय,

जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेचा स्कोअर, पदवीचे गुण आणि नोकरीची वर्षे, एवढ्या तीन आकड्यांवर ‘नामांकित बी-स्कूलमध्ये तुमची शक्यता 38 टक्के’ असे छातीठोकपणे सांगणारी साधने आणि सल्लागार सध्या उदंड झाले आहेत. हा हिशेब कुठे चुकतो, ते अर्जदारांना अर्जाची फी भरण्याआधी कळावे म्हणून हे पत्र.

पहिला घोळ स्कोअरचाच. जीमॅटची जुनी परीक्षा 2024च्या सुरुवातीला बंद झाली. नवी पट्टी 205 ते 805 आहे. पर्सेंटाइल पाहिले तर नवा 645 जुन्या 700च्या आसपास बसतो. तरीही तो जुन्या 730च्या सरासरीशेजारी ठेवून हिरमुसणारे भेटतातच. शिवाय शाळा (म्हणजे बी-स्कूल) मध्यक जाहीर करतात तो वर्गात दाखल झालेल्यांचा. निम्मा वर्ग त्याच्या खाली असतो, आणि त्याहून जास्त स्कोअर असूनही नाकारले गेलेले त्यात दिसतच नाहीत. म्हणून जिथे दिला असेल तिथे ‘मधल्या 80 टक्क्यांचा’ पट्टा (वरचे आणि खालचे 10-10 टक्के विद्यार्थी वगळून उरलेल्यांचे स्कोअर) पाहावा. स्कोअर त्याच्या खालच्या टोकाला आणि पदवीला गणितही कच्चे, असे असेल तर परीक्षा पुन्हा द्यावी. दोन प्रयत्नांत 16 दिवसांचे अंतर लागते आणि बारा महिन्यांत पाचच प्रयत्न मिळतात. पट्ट्याच्या मध्यावर असाल तर आणखी 10 गुणांमागे धावण्यात फारसा अर्थ नाही. (पदवीचे गुण मात्र स्वतःच अमेरिकी पद्धतीच्या 4च्या पट्टीवर बसवू नका. बहुतेक शाळा ते मूळ पट्टीवरच मागतात.)

एकूण प्रवेशदर 10 टक्के असला म्हणून प्रत्येकाची शक्यता 10 टक्के होत नाही. वर्ग विविध पार्श्वभूमींचा हवा असल्याने सारखे अर्ज आपोआप एकमेकांसमोर येतात. आयटीतल्या इंजिनिअरने म्हणूनच इतर आयटी इंजिनिअरांपेक्षा आपण वेगळे काय केले, ते तपासावे. रेझ्युमेत ‘टीमचे नेतृत्व केले’ हे सगळेच लिहितात. ‘6 जणांत काम नव्याने वाटून बिलिंगला लागणारे 11 दिवस 4 वर आणले’ अशी एक तरी ओळ खरेपणाने लिहिता येते का, हे पाहावे. येत नसेल तर वर्षभर थांबणे शहाणपणाचे.

शिफारसपत्राकडे तर कोणाचेच लक्ष नसते. अनेक शाळा वापरतात त्या सामाईक नमुन्यात वरिष्ठांना विचारलेले असते: उमेदवाराला दिलेली सर्वांत महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती, आणि त्याने ती कशी घेतली? ‘जरा जास्तच मेहनत करतो’ हे उत्तर म्हणजे स्तुतीला दिलेला दोषाचा मुलामा, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते. मोठ्या हुद्द्याचा पण कामाशी संबंध नसलेला साहेब हमखास असेच लिहितो. रोजचे काम पाहणाऱ्या मॅनेजरला प्रसंगानिशी लिहिता येते.

मुलाखतीच्या बोलावण्यावरूनही घाईने अंदाज बांधू नये. काही शाळा निवडक अर्जदारांनाच बोलावतात, काही जवळपास सगळ्यांना. त्यामुळे त्या बोलावण्याचे वजन शाळेगणिक बदलते. राउंडचे, म्हणजे वर्षभरात अर्ज घेण्याच्या टप्प्यांचेही तसेच. हार्वर्डमध्ये दोनच राउंड असतात. जिथे तिसरा असतो, तिथे तोवर बऱ्याच जागा भरून शिष्यवृत्तीचा निधीही आटलेला असतो. दुसऱ्या राउंडची जानेवारीची मुदत गाठण्यासाठी निबंध उरकायचे असतील, तर पुढच्या सप्टेंबरच्या पहिल्या राउंडमध्ये नीट अर्ज करावा.

आपले,
एमबीए प्रवेशाचे मार्गदर्शन करणारे काही वाचक