नाना, भाता फाटला होता

आदरणीय नाना,

सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही. हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच तुम्ही "बस झालं, चहा सांग" म्हणाल, हेही मला ठाऊक आहे. तरी चारचौघांत लिहितोय. माझी मोटरसायकल तुम्ही बरी केलीत, सामानाचे पैसे तुम्ही घेतले, मजुरीचं नाव काढलं की पाना हातात घेऊन दुसरीकडे बघायला लागता. मग आभार तरी घ्या. शिवाय आपल्याकडे जळगाव-धुळ्यापासून शहाद्यापर्यंत जुनी येझदी नि राजदूत अंगणात ठेवून तिच्यापायी रविवार घालवणारे माझ्यासारखे अजून पुष्कळ आहेत. त्यातले निम्मे तरी आत्ता या क्षणी कार्बोरेटर धूत बसले असतील. त्यांच्याही कानावर जाऊ द्या.

गाडी बापूंची. 1979 ची येझदी 250. तिच्यावरून त्यांनी युरियाची पोती नेली, कपाशीचं बियाणं आणलं, आईला माहेरी पोचवलं आणि मला पहिल्यांदा कॉलेजात सोडलं. ते गेल्यावर ती चार वर्षं गोठ्यात ताडपत्रीखाली होती. मी ती बाहेर काढली, टाकी धुतली, ठिणगी पाडणारे पॉइंट घासले, आणि दहाव्या किकला ती चालू झाली. ज्या दांडीने किक मारायची तीच पुढे ढकलली की गिअरची दांडी होते, हे शेजारच्या पोरांना दाखवताना माझी छाती फुगली होती. ती फार दिवस फुगलेली राहिली नाही.

वैशाखात, सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत, चोपड्याच्या रस्त्याला तापीच्या पुलाच्या अलीकडे आवाज एकदम बारीक झाला आणि मागचं चाक धरलं. हात आपसूक क्लचवर गेला म्हणून वाचलो. पिस्टन सीझ, म्हणजे तापून सिलेंडरमध्ये धरलेला. ऊन असं होतं की इंजिनच्या फिन्सना हात लावायची सोय नव्हती आणि रस्त्यालाही नव्हती.

त्यानंतरच्या आठ महिन्यांची हकीकत थोडक्यात उरकतो, कारण ती मला लाजिरवाणी आहे. एका ठिकाणी सिलेंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून मोठा करून, 65.25 मिमीचा पिस्टन टाकला. ऐंशी किलोमीटरवर पुन्हा सीझ. त्याच ठिकाणी 65.50 केला. "आता ऑइल जास्त टाका" असा सल्ला मिळाला, म्हणून लिटरला 40 मिलिऐवजी मी 60 मिलि टाकायला लागलो. प्लग तीन बदलले, कंडेन्सर बदलला, एचटी कॉइल बदलली, कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट मोठा घातला. गाडी थंडीत चालायची, तापली की वेड्यासारखं करायची. रेस सोडून दिली तरी आवाज खाली उतरायचा नाही, उलट वर चढायचा. मी म्हणायचो, केबल अडकतेय. केबलही नवी टाकली.

मग कुणीतरी सांगितलं, पारोळ्याच्या रस्त्याला एक म्हातारा आहे, दुकान बंद केलंय, पण घरी बसून बघतो. छोट्या टेम्पोत गाडी टाकून आणली. तुम्ही बाजेवर बसला होता. गाडी उतरवायच्या आधीच तुमचा प्रश्न आला: "इंजिन कितला डाव खोलं?" मी म्हणालो, दोनदा. तुम्ही मान हलवली. ती मान हलवण्याची तऱ्हा मी अजून विसरलेलो नाही. डॉक्टर जसा दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी बघतो, तशी.

तुम्ही पाना उचललाच नाही. चालू कर म्हणालात. दहा मिनिटं नुसती चालू ठेवायला लावली आणि बिडी न पेटवता बोटांत धरून ऐकत बसलात. तापल्यावर नेहमीसारखा आवाज चढला. मग दोन प्रश्न विचारले. धूर कसला निघतो, पांढरा की निळसर? आणि "गिअरनं ऑइल कमी व्हस का?" मी म्हणालो, धूर नेहमीसारखाच, गिअरचं ऑइल जिथल्या तिथे. "मंग उजवी बाजू," तुम्ही म्हणालात, आणि तेव्हा कुठे बिडी पेटवली.

मला काहीच कळलं नव्हतं. आता कळलंय ते लिहितो, चुकलं तर नातवाकडून निरोप धाडा. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खाली, जिथे क्रँक (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा) असतो, ते पोट हे रिकामं डबडं नसतं, तो भाता असतो. पिस्टन वर गेला की पोटात ओढ बसते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन पोर्टमधून, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या भोकांतून, वर सिलेंडरमध्ये जातं. लोहाराच्या भात्याला भोक पडलं तर निखारा मरतो. इथे उलटं होतं. पोटाला भोक पडलं की बाहेरची कोरडी हवा आत घुसते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, ज्वाळा तापट होते आणि पिस्टन फुगून धरतो. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील, म्हणजे फट बंद करणाऱ्या रबरी कड्या. डाव्या अंगाला क्लच आणि प्रायमरी चेन, तिथलं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून पांढरा धूर काढतं. उजव्या अंगाला डायनॅमो, तिथे ऑइलच नाही, म्हणून सील गेलं तरी धूर नाही, डाग नाही, काही नाही. नुसती हवा. तुमचे ते दोन प्रश्न म्हणजे डावं-उजवं वेगळं करण्याची चाळणी होती.

"भाता फाटना भो, आनि तू फुकनी बदली ऱ्हायना," तुम्ही म्हणालात. आठ महिने आणि बरेच हजार रुपये एका वाक्यात बसले.

पण तुम्ही अंदाजावर खोललं नाही, याचं मला जास्त कौतुक. घरातून ब्लडप्रेशर मोजायचं जुनं यंत्र आणलंत, फडक्यात गुंडाळलेलं. हातावर बांधायची पट्टी काढून टाकलेली, फक्त रबरी फुगा, नळी आणि तबकडी. नळीच्या टोकाला एका मेलेल्या प्लगचं धड: आतली चिनी माती फोडून काढलेली, तिथे सायकलच्या ट्यूबची नळी पितळेने जोडलेली. कार्बोरेटर काढून त्याच्या तोंडावर ट्यूबच्या रबराचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी. दोन्ही सायलेन्सर काढून दोन्ही एक्झॉस्टलाही तसेच बूच. पिस्टन तळाला, म्हणजे पोट आणि सिलेंडर एकच पोकळी होते. मग प्लगच्या जागी ते धड फिरवून फुगा दाबायला लागलात. काटा 300 च्या खुणेपर्यंत गेला आणि डोळ्यांदेखत खाली यायला लागला. 280. 240. 190. चांगलं इंजिन असतं तर काटा जागेवर राहिला असता. तुम्ही डायनॅमो काढलात, साबणाचं पाणी ब्रशने क्रँकभोवती लावलंत आणि मला म्हणालात, "हाई दख." सीलच्या कडेला खालच्या अंगाला मोहरीएवढे बुडबुडे, एकामागोमाग एक, शिस्तीत.

मी तिथे बाजेच्या कडेवर बसलो. आधी हसू आलं, मग राग आला, मग परत हसू.

ऑइल जास्त टाकण्याबद्दल तुम्ही जे बोललात ते मात्र मी आता ज्याला-त्याला सांगत सुटलो आहे. जेटमधून ठरावीकच माल जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढवला की पेट्रोलचा वाटा घटतो, म्हणजे हवेच्या हिशेबात मिश्रण आणखी कोरडं. मी भीतीने जे करत होतो ते आगीत तेल ओतणंच होतं, अगदी शब्दशः. आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. त्यानेही मिश्रण कोरड्याकडेच झुकतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून तुम्ही सील व्हायटॉनचंच, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचंच, हवं म्हणून अडून बसलात. ते मिळायला बारा दिवस लागले. येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना 1961 ला सुरू झाला आणि 1996 ला बंद झाला, त्यामुळे आता सामान कुणाचं कसं येईल ते नशिबावर. तुम्ही आलेली दोन सील नखाने दाबून परत केलीत, तिसरं ठेवलंत.

बिग एंडलाही, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो त्या टोकालाही, खेळ होता, म्हणून मग सगळंच खोललं. त्यातलं एक दृश्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. बेअरिंग बसवायच्या दिवशी पहाटे तुम्ही मला क्रँककेस (त्या पोटाचं ॲल्युमिनियमचं कवच) घेऊन बेकरीत पाठवलंत. पावाचा पहिला घाणा निघाल्यावर उरलेल्या धगीवर केस ठेवायची, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र व्हायला पाहिजे. बेअरिंग रात्रभर कुल्फीवाल्याच्या बर्फ-मिठात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, एवढाच त्यामागचा हिशेब. गोणपाटात गुंडाळून पळत आणलेली केस फळीवर ठेवली, तुम्ही बेअरिंग दोन बोटांनी सोडलंत आणि ते "टक्" करून तळाला बसलं. हातोडा नाही, ठोका नाही. याच जागी आधीच्या मिस्त्रीने छिन्नी लावल्याच्या खुणा तुम्ही मला अंगठ्याने चाचपायला लावल्या होत्या. केसला आठवडाभर पावाचा वास होता.

65.75 मिमीचं बोअरिंग धुळ्याला झालं. लेथवाल्याने काम चोख केलं, तरी तुम्ही सिलेंडर उजेडात धरलात आणि म्हणालात, धार तशीच सोडली. पोर्टच्या कडा बोअर केल्यावर सुरीसारख्या होतात, पिस्टनची रिंग त्यात अडकून तुटते. तासभर तुम्ही बारीक कानस आणि पॉलिशपेपर घेऊन त्या कडा मोडत होता, चष्मा कपाळावर ठेवून. चष्म्याशिवाय कसं दिसतं विचारलं तर म्हणालात, हे बोटाने बघायचं असतं. आधीचे दोन्ही पिस्टनही तुम्ही शेजारी मांडून दाखवलेत: ओरखडे सगळे एक्झॉस्टच्या बाजूला, मागची बाजू चकचकीत. ऑइलची टंचाई असती तर खुणा अशा एकाच अंगाला दिसल्या नसत्या, उष्णतेचं काम होतं हे. म्हणजे पुरावा माझ्याच डब्यात आठ महिने पडून होता. मी त्यात खिळे ठेवत होतो.

ठिणगीचं टायमिंग लावायला तुम्ही सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरलात, फट 0.4 मिमी लावून, आणि क्रँक फिरवत राहिलात. पिस्टन वरच्या टोकाला पोचायला तीन मिमीच्या आसपास उरले असताना कागद सुटला पाहिजे. माझ्या हातात तो दोनदा फाटला. तुमच्या हातात अलगद निघून आला. त्याबद्दल मला अजून थोडा हेवा आहे.

परवा सकाळी निघून मी एरंडोलपर्यंत जाऊन आलो. मध्ये दोनदा थांबवून इंजिन गार केलं, तुम्ही सांगितलं तसं, नवा बोअर म्हणून. रेस सोडली की आवाज खाली येतो, नाना. एवढंच ऐकायला मी रस्त्याच्या कडेला दहा वेळा रेस सोडली असेल. एक शेंगावाला विचारत होता, बिघडली का? घरी येऊन प्लग काढला, पांढरा नाही, भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा. आई अंगणात आली, आवाज ऐकून. काही बोलली नाही, सीटवरून पदराने धूळ पुसली आणि आत गेली.

तुमचं बीपीचं यंत्र माझ्याकडेच राहिलंय. 17 चा पानाही. दोन्ही अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घेऊन येतो. भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ आईने बाजूला काढून ठेवलंय, तेव्हा जेवायला थांबणार, आधी सांगून ठेवतो. आणि त्या यंत्राची पट्टी कुठे ठेवली असेल तर शोधून ठेवा. मेडिकलवाल्याने जोडून देतो म्हटलंय, एकदा तुमचंही मोजू.

तुमचा,
येझदीवाला, अमळनेर