पॅरिस राहू दे, अँटवर्पला जा

॥ श्री ॥

पुणे

चि. अमेय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्हा दोघांना सलग तीन दिवस मोकळे मिळतायत. रेवाला विमानात कान दुखतात म्हणून लंडनहून रेल्वेगाडीनेच जायचं आहे, आणि पॅरिस की अ‍ॅमस्टरडॅम यावर घोडं अडलंय. माझं ऐकशील तर दोन्ही राहू देत. बेल्जियममधल्या अँटवर्पला जा.

पॅरिस लंडनहून जेमतेम सव्वादोन तासांवर आहे, हे खरं. पण तिथे माणूस यादी घेऊन जातो. आयफेल झालं, लूव्र राहिलं, रांगेत किती वेळ जाईल, यातच दिवस संपतो. आईला घेऊन आपण गेलो होतो तेव्हा नदीकाठच्या बाकावर बसलो, तेवढाच काय तो निवांतपणा. अ‍ॅमस्टरडॅमला थेट गाडीनेही चारेक तास लागतात आणि शनिवार-रविवारी हॉटेलं फार महाग पडतात. नवराबायकोला दोन रात्री मिळत असतील तर पायी फिरता येईल एवढंच गाव निवडावं. थकल्यावर खोलीवर परतता आलं पाहिजे आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडता आलं पाहिजे.

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून युरोस्टार गाडीने ब्रसेल्स-मिडी स्टेशन दोन तासांचा रस्ता. तिथे त्याच स्टेशनात गाडी बदलायची, पुढे पाऊण-एक तासात अँटवर्प. या दुसऱ्या गाडीला आरक्षण नसतं, मिळेल ती पकडायची. युरोस्टारचं तिकीट मात्र जितक्या उशिरा काढशील तितकं महाग. आणि सेंट पँक्रसला विमानासारखं आधी पोचावं लागतं, कारण फ्रेंच पोलीस पासपोर्ट लंडनलाच तपासतात. ते एकदा झालं की ब्रसेल्सला सरळ उतरून चालू लागायचं. घड्याळ तेवढं एक तास पुढे करा.

तुमच्या गाडीचा फलाट जमिनीखाली आला, तर सरकत्या जिन्याने वर येताना घाई करू नका. अँटवर्प सेंट्रलला एकावर एक मजले आहेत. खालचे फलाट अलीकडचे, गाडी शहराखालून आरपार जावी म्हणून केलेले. तो बोगदा 2007 साली सुरू झाला. सगळ्यात वर 1905 सालचं जुनं स्टेशन आहे: लोखंड आणि काचेचं उंच छत, आणि पुढे संगमरवरी दालनावर 75 मीटरचा घुमट. बोरीबंदरला आपण कायम घाईत असतो, मान वर करायला कुणाला फुरसत नसते. इथे तुम्हाला ती आहे.

पण मी तुम्हाला पाठवतोय ते प्लांटिन-मोरेटस या जुन्या छापखान्यासाठी, आता तिथे संग्रहालय आहे. आम्ही ब्रसेल्सला मावशीकडे उतरलो होतो तेव्हा एक दिवस तिथे गेलो. निघवत नव्हतं. क्रिस्तोफ प्लांटिन हा मूळचा फ्रेंच, बुकबाइंडर. त्याने 1555 साली अँटवर्पमध्ये छापखाना काढला. आपल्याकडे गोव्यात पहिला छापखाना सुरू झाला तो त्याच्या पुढच्याच वर्षी, 1556 ला. पुढे प्लांटिनचा जावई यान मोरेटसने धंदा सांभाळला आणि त्याच घराण्याने तो तीनशे वर्षं चालवला. 1876 साली घर, यंत्रं, छपाईच्या अक्षरांचे खिळे, हिशेबाच्या वह्या असं सगळंच्या सगळं त्यांनी शहराला विकलं. म्हणून ते आजही जागच्या जागी आहे.

आजोबांच्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या केसेस तुला आठवतात ना, ज्यात हात घातलास म्हणून खिळे जुळवणारे जुळारी ओरडले होते? तशाच उतरत्या केसेस तिथे खिडकीच्या बाजूला ओळीने मांडल्या आहेत. समोर लाकडी दाबयंत्रं, आणि टोकाला 1600 च्या आसपासची दोन, जगात शिल्लक असलेल्यांत सगळ्यात जुनी. लाकडाला हात लागून लागून तकाकी आली आहे. प्रूफं तपासणाऱ्यांची वेगळी खोली आहे, उजेडासाठी टेबल खिडकीला लावलेलं. प्लांटिनने पाच भाषांतलं बायबल छापलं, आठ खंडांत, तेव्हा त्याची चौथी मुलगी मॅग्दालेना हिब्रू आणि ग्रीक प्रूफं तपासणाऱ्याला वाचून दाखवायची. लहान पोर होती. तुझ्या आजोबांनी माझ्याकडून शाळेच्या वयात प्रूफं वाचून घेतली, ते सगळं तिथे उभं राहून आठवलं.

रेवा मुखपृष्ठं करते, म्हणून तिला एक गोष्ट मुद्दाम सांग. चित्रकार रुबेन्स या घराण्याचा मित्र होता आणि त्याने यांच्या पुस्तकांची शीर्षकपानं चितारली आहेत. ती बघून झाली की कॅथेड्रलमध्ये जा, जवळच आहे. तिथे त्याचीच भिंतभर मोठी चित्रं आहेत. वधस्तंभावरून ख्रिस्ताला खाली उतरवतानाच्या चित्रात पांढऱ्या कापडावर अख्खं शरीर कसं ओघळतं ते बघा. तोच हात एकीकडे वीतभर पानावर आणि दुसरीकडे एवढ्या फळ्यांवर चाललेला एकाच दुपारी पाहायला मिळतो, हे तिच्या कामाचं आहे.

संध्याकाळी शेल्ट नदीखालून चालत पलीकडे जा. सेंट अ‍ॅना नावाचा 1933 सालचा पादचारी बोगदा आहे, 572 मीटर लांब. खाली उतरायला लाकडी पायऱ्यांचे सरकते जिने, अजून मूळचेच. तिकीट नाही. पलीकडच्या काठावरून सगळं गाव समोर दिसतं.

खाण्याची काळजी नको. स्टेशनलगतच हिऱ्यांचा बाजार आहे, त्यात पालनपुरी जैनांची वस्ती मोठी, त्यामुळे शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. मात्र बटाट्याचे फ्राइज घेण्याआधी कशात तळलेत ते विचारा. बेल्जियममध्ये ते बऱ्याचदा गाईच्या चरबीत तळतात आणि रेवाला ते चालणार नाही.

शुक्रवारी सकाळी निघा, रविवारी परत या. सोमवारी छापखाना बंद असतो आणि शनिवारी हिऱ्यांच्या बाजारात बरीच दुकानं. तुमचे पासपोर्ट भारतीय, म्हणजे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) लागेल. मुक्काम बेल्जियममध्ये असल्यामुळे अर्ज बेल्जियमकडेच करायचा, फ्रान्सकडे नव्हे. भेटीची वेळ मिळायला उशीर लागतो, तेव्हा आधी ती घ्या. व्हिसाचं मार्गी लागल्याशिवाय पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

आईने लाडू पाठवलेत, पोचले की कळव. रेवाला आशीर्वाद.

तुझे,
बाबा