लोअर केलेल्या गाडीची थरथर नुसत्या अलाइनमेंटने जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, कुठेही जा, लोअर केलेल्या (उंची कमी केलेल्या) हॅचबॅक गाड्या आता सर्रास दिसतात. त्यांच्या मालकांची तक्रारही ठरलेली असते : स्प्रिंगा बदलल्या, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली, तरी स्टेअरिंग थरथरतं आणि टायर आतल्या कडेने खातंय, म्हणजे झिजतंय. यावर बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो तो पुन्हा अलाइनमेंट करण्याचा. पण थरथर आणि टायर खाणं हे दोन वेगळे दोष आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला देऊन उपयोग नाही.

आधी टायरचं पाहू. पुढचा शॉकअप आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) अशी रचना असलेल्या गाडीची उंची 40 मिमीने कमी केली, तर चाकाचा वरचा भाग साधारण अर्धा ते एक अंश आत झुकतो. हा कॅम्बर. त्याच वेळी लोअर आर्म आणि टाय रॉड (स्टेअरिंगने चाक वळवणारा दांडा) वेगवेगळ्या कमानीत फिरल्यामुळे टो, म्हणजे वरून पाहता चाकं पुढच्या बाजूला किती आत-बाहेर वळलेली आहेत ते मापही बिघडतं. लोक कॅम्बरला दोष देतात, पण टायर झपाट्याने संपवतो तो टो. चाक सरळ न फिरता सतत थोडं घासत राहतं. टायरच्या रबरावरून हात एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं, तर टो चुकला आहे. असा खाल्लेला टायर अलाइनमेंट बरोबर झाल्यावरही घरघर करत राहतो. त्याचा दोष मशीनवाल्याला देऊ नये.

बहुतेक सेंटरवर फक्त पुढचा टो जुळवून देतात, कारण अनेक छोट्या गाड्यांत कॅम्बरसाठी कंपनीने सोयच दिलेली नसते. अशा वेळी शॉकअप आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरचा काढून तिथे कॅम्बर बोल्ट (चाकाचा झुकाव थोडा हलवू देणारा बोल्ट) घालतात. त्याने एक ते दीड अंश सुधारणा मिळते. क्रम असा हवा : टायरमधली हवा बरोबर, डिकी रिकामी, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडमध्ये ढिलेपणा नाही ना ते तपासणं, मग मागच्या चाकांचं माप, मग पुढचा कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून उलट क्रमाने केलेलं काम फुकट जातं. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक राहिला तर गाडी ओढते. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, त्यामुळे 300 ते 500 किमीनंतर माप पुन्हा घ्यावंच लागतं.

एक काम जवळपास सगळेच विसरतात. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आवळले जातात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हे बोल्ट सैल करून, गाडीचं वजन चाकांवर असतानाच पूर्ण आवळायला हवेत. मागच्या चाकांना जोडणाऱ्या बीमच्या बुशचंही तसंच.

आता थरथर. ती कधी येते, यावरून कारण कळतं. 80 ते 100 च्या वेगात स्टेअरिंग हलत असेल आणि अॅक्सिलरेटर सोडूनही त्याच वेगात हलत राहत असेल, तर दोष चाकात आहे : बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा हब रिंग. लोअर करताना बहुधा अलॉय चाकंही बसवली जातात. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मोठं असतं, अनेकदा 73.1 मिमी, स्विफ्टसारख्या गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला उंचवटा, 54.1 मिमी. ही फट भरणारी हब रिंग नसेल तर चाक केवळ नटांच्या आधाराने मध्यावर बसतं आणि जरा सरकलं तरी थरथरतं. रिंग घाला, चाक हवेत असताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक कारण असतं. शेतरस्त्यावरची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळते. बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी रिम आतून धुवा.

थरथर फक्त वेग घेताना किंवा कन्नडच्या घाटात चढावर येत असेल आणि पाय उचलताच जात असेल, तर चाकाला हात लावू नका. दोष एक्सलच्या (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटचा आहे. उंची बदलली की एक्सलचा कोन बदलतो. जॉइंटच्या आत जुन्या जागी घासून खाचा पडलेल्या असतात, रोलर आता नव्या जागी फिरू लागतात. जॉइंट आणि इंजिनचं माउंटिंग तपासा. ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर डिस्क. स्टेअरिंग वळवताना 'टण्' आवाज आला तर स्प्रिंग बैठकीतून सरकली आहे किंवा वरचं बेअरिंग गेलं आहे.

स्प्रिंग ग्राइंडरने कापणं किंवा गॅसने तापवून बसवणं मात्र कुणीही करू नये, करूनही देऊ नये. कापलेलं टोक बैठकीत बसत नाही, चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग सुटते. तापवलेल्या स्प्रिंगचं पाणी, म्हणजे पोलादाचा ताठपणा, उतरतं. मे महिन्याच्या उन्हात, समृद्धीच्या काँक्रीटवर 120 च्या वेगाने जाताना आतली कड संपलेला टायर किती तापत असेल, याचा विचार गाडी कापून देणाऱ्यानेही करावा.

उंचीचाही हिशेब आहे. इंडियन रोड काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक 10 सेमी उंच असतो, गावोगावचे त्याहून उंच आहेत. 163 मिमी क्लिअरन्सची (जमिनीपासूनच्या अंतराची) गाडी 40 मिमी खाली घेतली तर उरतात 123, तेही रिकाम्या गाडीत. पाच माणसं बसली की चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) घासलाच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत असे बदल करण्यावर बंधनं घालतं, हेही आधी पाहून घ्यावं.

अलाइनमेंट सेंटरचालकांना विनंती आहे की चारही चाकांचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद न मागता द्यावा. ग्राहकांनीही तो घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि कंपनीच्या मूळ स्प्रिंगा भंगारात घालू नका.

आपला,
एक शिल्प निदेशक (मोटार मेकॅनिक), जालना